सहावा विषय

हैदराबादहून नातीचा फोन आला. ‘आजोबा, नववीच्या नोंदणीत पाच विषय लिहू की सहा?’ केंद्रीय मंडळाच्या दहावीला पाच पुरतात. वाढीव भाषा ऐच्छिक. 2018 च्या कायद्याने तेलुगू आलीच, इंग्रजी आहेच. तिला सहावी मराठी हवी होती. शाळेत मराठीचे शिक्षक नाहीत, परवानगीही मिळवावी लागेल. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, गणिताचा वेळ जाईल.’

हे वाक्य माझेच. त्याच्या दहावीच्या वेळी मीच ते उच्चारले होते.

1956 मध्ये आमचे मुधोळ नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेले (2016 पासून निर्मल). माणसे तीच राहिली, दप्तराची भाषा बदलली. मी तेलुगू नेटाने शिकलो, तिच्यावर सारी नोकरी केली. त्याची खंत नाही. निवृत्तीनंतर मात्र वडिलांच्या पत्रांची पेटी मुलाच्या हाती दिली, तेव्हा चार ओळी चाचपून त्याने ती निमूटपणे परत केली. ‘तुम्हीच वाचून दाखवा.’

नातीला मी सहा सांगितले. गुण थोडे घटतील, हेही सांगितले. लपवणे बरे नव्हे. मग पेटीतले सर्वांत सोप्या अक्षराचे पत्र काढून त्याची छायाप्रत टपालात टाकली. काल तिचा पुन्हा फोन: ‘आजोबा, “खुशाली कळवणे” म्हणजे काय?’