कामाची जागा आणि समाप्तीची ओवी

सोडून आलेल्या घरातील आपल्या चित्रशाळेविषयी चित्रकार बोलू लागतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात चित्रे फारशी नसतात. खिडकीतून येणारा उजेड, भिंतीवर उडालेले रंग, स्वयंपाकघरातले आवाज हेच त्याला आधी आठवते. ही आस्था पुष्कळशी आधुनिक आहे. जुन्या मराठी कवीने आपल्या लिहिण्याच्या जागेवर असे प्रेम क्वचितच व्यक्त केले. मग ती जागा त्याच्या काव्यातून सर्वस्वी नाहीशी झाली, असे म्हणावयाचे काय?

बारामतीची दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. नाझऱ्याच्या श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ शके १६४० मध्ये येथे पूर्ण केले. समाप्तीच्या ओव्यांत त्यांनी कऱ्हेला ब्रह्मकमंडलू आणि गावाला द्वादशमती म्हटले आहे. लिहिण्याच्या जागेला पुराणांच्या भूगोलात स्थान देणे, हा त्या परंपरेला मानवणारा कृतज्ञतेचा प्रकार होता.

मोरोपंतांची गोष्ट निराळी. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेला हा कवी तरुणपणी बारामतीस आला, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने स्थिरावला आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तला. त्यांच्या कामाच्या खोलीची खूण शोधावयाची, तर ती त्यांच्या रामायणांत शोधावी लागते. एकच कथा शंभराहून अधिक वेळा रचणे, एका रामायणात प्रत्येक पद्यात ‘परंतु’ हा शब्द आणणे, दुसऱ्यात ओष्ठ्य वर्ण मुळीच येऊ न देणे, हे सारे घरच्या कर्मशाळेतले सराव आहेत. चित्रकार एकच वस्तू पुनःपुन्हा रेखाटतो, तसे. ‘निरोष्ठ रामायणा’त प, ब, म वर्ज्य झाले की राम हे नावच घेता येत नाही, मोरोपंत हे नाव येत नाही, बारामतीही येत नाही. नायक, कवी आणि गाव या तिघांनाही वगळून कवी रामकथाच सांगतो. समीक्षेने अशा रचनांना बहुधा शब्दचमत्कृती म्हणून बाजूला सारले. परंतु दार लावून एकट्याने केलेल्या परिश्रमाची मुद्रा त्यांच्यावर जितकी स्पष्ट उमटली आहे, तितकी ती खोलीच्या वर्णनात उमटली नसती.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात हाच प्रश्न अधिक कठोर रूपात उभा राहतो. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे जलाशयाखाली गेली. पाणी फार ओसरले की जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडते. लोक ते पाहावयास जातात. दगडी देऊळ टिकते. कुंभाराची पडवी, सुताराचे अंगण, जेथे घर आणि कामाची जागा एकच होती, ते पुन्हा वर येत नाही. कवीचा सराव पोथीत उरतो. कारागिराचा सराव त्याच्या हातांत असतो आणि हातांबरोबरच संपतो.

म्हणून विस्थापित कारागीर आपल्या जुन्या पडवीविषयी बोलू लागला, की त्याला निव्वळ स्मरणरंजन म्हणून चालणार नाही. ती त्याची समाप्तीची ओवी असते. श्रीधरांनी आपली स्वतः लिहिली. याची दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यावी लागते.