चहाही नको

दवाखान्यांतून पेशंटच्या मोबाइलवर जे मेसेज जातात, त्यांतले मराठी मेसेज मी लिहिते. पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी मला त्याचा पगार देते. ‘म्हणजे भाषांतर ना?’ असं लोक विचारतात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी तरी कुठे असतं? ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा (इथे आयकराचा संबंध नाही), ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. लॅटिनमधून आलेली ही डॉक्टर आणि केमिस्ट यांची आपसातली बोली. गोळी गिळणाऱ्याला तिच्यातलं काही कळत नाही.

साध्या एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘रिकाम्या’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्र आठ मोजतं. ७०च्या पुढे गेलं की पैसे दोन मेसेजचे. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘मराठी महाग पडतंय, इंग्रजीच ठेवूया.’

आता ‘फास्टिंग शुगर’ घ्या. ‘उपवास करून या’ असं लिहून भागत नाही. आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो आणि चहा तर चालतोच. या तपासणीआधी मात्र निदान आठ तास पाण्याखेरीज काहीही चालत नाही. म्हणून मी लिहिते: ‘उद्या सकाळी रिकाम्या पोटी या. पाण्याशिवाय काहीही घेऊ नका.’ मोजून ५७. उरलेल्या १३मध्ये बसवते: ‘चहाही नको.’ झाले ६८. पहाटेची एसटी पकडून तालुक्याला येणाऱ्या बाईची एक फेरी या दोन शब्दांनी वाचू शकते.

अर्थात, मेसेज तिच्यापर्यंत पोचला तर. केसपेपरवर नंबर पुष्कळदा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलाचा असतो, नाहीतर नवऱ्याचा. आमच्या स्क्रीनवर ‘डिलिव्हर्ड’ उमटतं आणि काम संपतं. पण तो मेसेज गरोदरपणाच्या तपासणीचा असेल तर? टीबीचा असेल तर? आपला आजार घरात कुणाला, कधी सांगायचा, हे तिचं तिने ठरवायचं असतं. ते आमचं सॉफ्टवेअर परस्पर ठरवून टाकतं.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न वाढवा, असं मी सांगत असते: ‘हा फोन कुणाकडे असतो?’ उत्तर ‘माझ्याकडे’ नसेल, तर ‘डॉक्टरांना भेटा’ एवढंच पाठवायचं. त्याने काउंटरवर वेळ जातो, असं उत्तर मिळतं. वेळ जातो, खरंय. तरी पुढच्या मीटिंगच्या यादीत मी तो प्रश्न पुन्हा घातलाय.