काउंटीचं राजकारण: एक पत्र भाचीला

चि. सई हिस,


नागरिकत्वाची शपथ झाली, मतदारयादीत नाव लागलं आणि लगेच फोनवर तू मला विचारलंस, "मावशी, प्रेसिडेंट आणि गव्हर्नर समजू शकते, पण हे काउंटी कमिशनर, शेरिफ, क्लार्क, सरोगेट... यांना ओळखतं तरी कोण? यांच्यासाठी मंगळवारी ऑफिसातून लवकर निघायचं?" फोनवर हे नीट सांगता येणार नव्हतं, म्हणून लिहायला बसले. उत्तर आधीच देऊन टाकते: निघायचं. या देशात तुझ्या एका मताला सर्वांत जास्त वजन काउंटीत आहे. आणि खरं सांगू, काउंटीच्या राजकारणाइतकी मजा मला दुसऱ्या कुठल्याच राजकारणात येत नाही.

आपल्या न्यू जर्सीत २१ काउंट्या आहेत आणि त्यांच्या पोटात ५६४ गावं-शहरं. आपली काउंटी मिडलसेक्स, मुख्य ठाणं न्यू ब्रन्सविक. एडिसन, वुडब्रिज, तुझं पिस्काटवे, सगळं हिच्यातच. रस्त्यावर निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा आकडा दिसला की समजायचं, हा रस्ता काउंटीचा. उन्हाळ्यात रुझवेल्ट पार्कमध्ये आपण सतरंजी टाकून जी नाटकं बघतो, ती काउंटीची. कम्युनिटी कॉलेज काउंटीचं, तुरुंगही काउंटीचा. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की नीट बघ: एक वाटा शाळांचा, एक गावाचा आणि एक काउंटीचा. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. देशात सर्वांत जड बिल आपलंच. त्यातला एक वाटा कसा खर्च व्हायचा, हे ठरवणारी सात माणसं आपण निवडून देतो. कमिशनर म्हणतात ते हेच. मुदत तीन वर्षांची, आणि सगळे एकदम बदलत नाहीत, दरवर्षी थोडे थोडे निवडणुकीला उभे राहतात. म्हणून आपल्याकडे निवडणूक नाही असा नोव्हेंबर नसतोच.

तुझ्या त्या सरोगेटबद्दलही सांगते. मृत्युपत्र लागू करणं, दत्तकविधानाचे कागद, अज्ञान मुलांच्या नावावरचे पैसे, ही सगळी कामं सरोगेटच्या कार्यालयातून होतात. माणूस आयुष्यात दोन-तीनदाच तिथे जातो, पण जातो तेव्हा घरावर दुःख कोसळलेलं असतं. त्या खिडकीपलीकडे समजूतदार कारभार असावा, एवढ्यासाठी तरी पाच वर्षांतून एकदा नाव वाचून मत द्यावं.

आता आतल्या गोष्टी, ज्यासाठी तू खरं तर हे पत्र वाचणार आहेस.

काउंटीत दोन कारभार चालतात. एक सरकारचा, दुसरा पक्षाचा, आणि पक्षाच्या कारभाराचा धनी असतो काउंटी चेअर. त्याचं किंवा तिचं नाव बहुतेक मतदारांनी ऐकलेलंही नसतं, पण सिनेटर त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलतात. ही परंपरा जुनी आहे. हडसन काउंटीत फ्रँक हेग नावाचे गृहस्थ १९१७ पासून १९४७ पर्यंत, सलग तीस वर्षं जर्सी सिटीचे मेयर होते. गव्हर्नर आणि न्यायाधीश कोण व्हायचं, हे त्यांच्या कचेरीत ठरत असे. त्यांच्या टेबलाचा एक खण समोर बसलेल्याच्या बाजूने उघडायचा, म्हणजे पाहुण्याला पाकीट आत सरकवायला सोपं, असं लोक अजून सांगतात. पुढे ब्रेंडन बर्न गव्हर्नर झाले, त्यांचा एक विनोद आमच्या मंडळींत अजून चालतो: मेल्यावर मला हडसन काउंटीत पुरा, म्हणजे राजकारणात सक्रिय राहता येईल! मेलेल्यांच्या नावावर मतं पडण्याचा किस्सा आपल्याकडच्या माणसाला उलगडून सांगावा लागत नाही.

पण हा चेअर कोण निवडतो? इथेच खरी गंमत आहे. प्रत्येक गावाचे लहान लहान मतदान-विभाग पाडलेले असतात. एक विभाग म्हणजे चार-पाच गल्ल्या, एखादं अपार्टमेंट संकुल. त्या प्रत्येक विभागातून पक्षाच्या काउंटी कमिटीवर दोन माणसं जातात. जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, मतपत्रिकेच्या अगदी तळाशी ही नावं असतात. प्रायमरीनंतरच्या आठवड्यात कमिटीची बैठक होते, आमच्या भाषेत 'रीऑर्ग', आणि तिथे चेअर निवडला जातो. म्हणजे गव्हर्नरलाही ज्याची मर्जी सांभाळावी लागते, त्याला निवडणारी माणसं तुझ्या-माझ्यासारखी शेजारीपाजारी असतात: कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी पोस्टात काम केलेले, कुणी दाताचे डॉक्टर.

आणि या जागांसाठी झुंबड असते असं समजू नकोस. राज्यभर कितीतरी विभागांत एकच अर्ज येतो, काही ठिकाणी तर एकही येत नाही. तिथे मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीत मोजक्या शेजाऱ्यांनी एखादं नाव लिहिलं, तरी तो माणूस निवडून येऊ शकतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी दोन भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहतात, अख्खी भावकी दुभंगते. इथे मात्र जागा रिकामी पडून असते आणि कुणाला पत्ताच नसतो!

या कमिटीची ताकद आणखी एका प्रसंगी दिसते. राज्याच्या विधिमंडळातला एखादा सिनेटर मुदतीच्या मध्येच राजीनामा देऊन गेला, तर निवडणूक होईपर्यंत ती जागा कुणी सांभाळायची? त्या मतदारसंघातले त्याच्याच पक्षाचे कमिटी सदस्य मतदान करून ठरवतात. मतदारसंघ सव्वादोन लाखांहून जास्त लोकांचा, आणि निवड करणारी माणसं एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये मावतील एवढी. त्या आठवड्यात आम्हा कमिटीवाल्यांचे फोन कसे खणखणतात म्हणून सांगू! ज्यांनी वर्षभर नमस्कारसुद्धा केलेला नसतो, ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी करतात.

आता 'लाइन'ची गोष्ट. ही तर तुला ठाऊक हवीच, कारण ती तुझ्या डोळ्यांदेखत घडली.

भारतात मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग बाकीचे, आणि प्रत्येक गटात नावं अक्षरानुक्रमाने असतात. चिन्ह शोधायचं आणि बटण दाबायचं. न्यू जर्सीत प्रायमरीची मतपत्रिका अनेक दशकं वेगळ्याच पद्धतीने छापली जायची. काउंटीतल्या पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला, ते सगळे वरपासून खालपर्यंत एकाच रांगेत: वर प्रेसिडेंट किंवा गव्हर्नर, खाली कमिशनर, तळाला कमिटीवाले. हीच ती लाइन. ज्यांना पाठिंबा नाही ते कोपऱ्यात, कुठल्या तरी अनोळखी नावांच्या शेजारी. त्या कोपऱ्याला सगळे 'सायबेरिया' म्हणत. इतर राज्यांत एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत असतात. आपल्या २१ पैकी १९ काउंट्यांत ही लाइन होती. ती द्यायची कुणाला, हे कुठे चेअर एकटाच ठरवायचा, कुठे निवडक मंडळी, तर कुठे सगळे प्रतिनिधी जमून मतदानाने. रटगर्स विद्यापीठातल्या प्राध्यापक ज्युलिया सास रुबिन यांनी आकड्यांनिशी दाखवून दिलं होतं की नुसत्या जागेमुळे मतं मोठ्या प्रमाणात इकडची तिकडे होतात.

मग आली २०२४ ची अमेरिकी सिनेटची निवडणूक. तेव्हाचे सिनेटर मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र दाखल झाल्यावर दुसऱ्याच दिवशी अँडी किम उभे राहिले. कोरियातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, तेव्हा दक्षिण जर्सीचा काँग्रेसमन. समोर तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी. मोठमोठ्या काउंट्यांच्या चेअरनी टॅमींना पटापट पाठिंबा देऊन टाकला. पण फेब्रुवारीत मॉनमाउथ काउंटीच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदान केलं. मॉनमाउथ म्हणजे मर्फींचं राहतं घर, आणि तिथे किम जिंकले. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. चिठ्ठी गुप्त असली की माणूस मनातलं लिहितो, हे आपल्याकडच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

किम तेवढ्यावर थांबले नाहीत, लाइनच घटनाबाह्य आहे म्हणून कोर्टात गेले. मार्चअखेर टॅमी मर्फींनी माघार घेतली आणि पाठोपाठ २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी हुकूम दिला की जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन नको, पदवार चौकटी छापा. वरच्या कोर्टानेही तो कायम ठेवला. २०२५ मध्ये कायदाच बदलला आणि त्या वर्षीच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका चौकटीच्या निघाल्या. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा उमेदवार एकाच चौकटीत, सगळे समान! सई, मतपत्रिकेची नुसती मांडणी बदलायला इतकी वर्षं लागली, ती बदलली एका हट्टी उमेदवाराने, काही अभ्यासकांनी आणि घरी बसून न राहिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी. मला याचा फार अभिमान वाटतो.

चौकटीत पहिलं नाव कुणाचं, यासाठी काउंटी क्लार्क सर्वांसमोर चिठ्ठ्या काढतात. ते बघायला एकदा तरी जा. बडे बडे उमेदवार जीव मुठीत धरून उभे असतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये समान मतं पडली आणि ईश्वरचिठ्ठीने निकाल लागला, तेव्हा जो श्वास रोखला गेला असेल, तोच इथे नुसत्या जागेसाठी रोखला जातो.

प्रचाराचे दिवस तर मला सणासारखे वाटतात. सकाळी फायरहाउसमध्ये पॅनकेकचा नाश्ता, दुपारी हातात यादी घेऊन दारोदार, रात्री डायनरमध्ये कॉफीवर हिशेब: कुठल्या गल्लीत किती पक्की, किती कुंपणावरची. कुठल्या लॉनवर कुणाची पाटी लागली, काल होती ती आज का गेली, यावर तासभर चर्चा. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की मी ओळखते, आपलं घर, आणि आपल्या घरातून चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. ऑगस्टमध्ये ओक ट्री रोडवरच्या भारत दिनाच्या मिरवणुकीत तर प्रत्येक उमेदवार हजर असतो. आपल्या काउंटीत निवडणुकीचे कागद गुजरातीतही मिळतात, कारण संघराज्याच्या कायद्यानुसार जिथे एका भाषेचे पुरेसे मतदार आहेत तिथे ते द्यावेच लागतात. संख्या जमली आणि माणसं पुढे आली, की व्यवस्थेला दखल घ्यावीच लागते.

आपली माणसं पुढे आलीही आहेत. उपेंद्र चिवुकुला २००१ मध्ये राज्याच्या असेंब्लीत निवडून गेले, तेव्हा तिथे पोचलेले ते पहिले भारतीय. २०२१ मध्ये सॅम जोशी एडिसनच्या मेयरपदी निवडून आले. पण एक सांगून ठेवते, नाव ओळखीचं वाटलं म्हणून मत देऊ नकोस. जातगोत बघून मत देण्याची सवय तिकडून इकडे आणायची आपल्याला गरज नाही. उमेदवार दारात आला की विचार: काउंटीच्या टॅक्सचं काय करणार, रस्त्याच्या त्या वळणावर सिग्नल कधी लावणार, तुरुंगातल्या वैद्यकीय सोयींवर किती खर्च करणार. प्रश्न ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, त्यावर निम्मं उत्तर कळतं.

माझा पक्ष तुला माहीत आहे. तू त्याच पक्षात ये, असं मी म्हणणार नाही. घरात दोन पक्ष असले तर दिवाळीच्या फराळाला गप्पा अधिक रंगतील. पण कुठल्या तरी पक्षात नाव नोंदव, कारण जूनच्या प्रायमरीत मत द्यायचं तर पक्ष सांगावा लागतो. आजवर कुठेच नोंद केलेली नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरही सांगता येतो, तेव्हा उशीर झाला ही सबब चालणार नाही. टपालाने नमुना मतपत्रिका येईल, ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकू नकोस. स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून तळापर्यंत वाच. तळाशी कमिटीच्या चौकटीत जागा रिकामी दिसली, तर ती कुणाची तरी वाट बघते आहे असं समज.

आणि सई, पुढच्या खेपेला ते नाव तुझंच असू दे. अर्जासाठी थोड्या सह्या लागतात, त्या तुझ्या गल्लीत फिरून मिळतील. त्या निमित्ताने शेजाऱ्यांची नावं कळतील, कुणाच्या दारासमोर पाणी साचतं, कुणाला मतदानाला न्यायला गाडी लागते, हे कळेल. या देशात आपण घर घेतलं, टॅक्स भरला, मुलं वाढवली. आता कारभारातही बसायला हवं. फॉर्म भरायचा असेल तेव्हा फोन कर, मी येते. पहिली सही मात्र तुझ्या शेजाऱ्याची घे.

तुझीच,
मावशी