आपल्यावरची पुस्तकं आपल्याच गावात नाहीत

आज पुस्तकांवर लिहितोय. विषय कोरडा वाटेल, पण तो थेट वनजमिनीच्या दाव्यापर्यंत जातो. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

नंदुरबारवर कोणी काही लिहिलंच नाही, असं आपणच म्हणत असतो. ते खरं नाही. प्रकाशाला आपण तापी-गोमाईच्या संगमावर जातो, केदारेश्वराचं दर्शन घेतो. त्याच गावात १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. त्याचा सविस्तर अहवाल छापला गेला, पण इंग्रजीत.

१८८० चं खानदेश गॅझेटिअर आहे. त्यात साहेबाची नजर आहे, भिल्लांबद्दल बोचणारी वाक्यं आहेत. पण सातपुडा, मेवासी संस्थानं, जंगल यांची माहितीही आहे. सीमेपलीकडच्या दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये आदिवासींनी दारू सोडण्याची देवी चळवळ केली. डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर १९८७ साली अख्खा ग्रंथ लिहिला. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, आलिराजपूरच्या भिलाला गावांत राहून अमिता बाविस्कर यांनी १९९५ चं पुस्तक लिहिलं. नदी तीच, धरण तेच, बुडणारी शेतं तशीच. आपल्या अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं त्याच सरदार सरोवराने बाधित झाली.

आता तालुक्याच्या वाचनालयात जा आणि यातलं एक तरी मागून बघा. मी मागितलं. स्पर्धा परीक्षेचे गाईड दोन कपाटं भरून होते, जिल्ह्याचं कपाट नव्हतं. ग्रंथपालांचा दोष नाही. मिळणाऱ्या अनुदानात इंग्रजी संशोधनग्रंथाची किंमत बसतच नाही.

"मग काय झालं? विद्वानांची पुस्तकं विद्वान वाचतील," असं कोणी म्हणेल. इथेच खरी गोम आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांत दाव्याला कोणते पुरावे चालतात ते नियम १३ मध्ये दिलंय. त्यात गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, नकाशे आहेत. नामांकित संस्थांनी केलेले संशोधन अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदीही आहेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. आणि एकापेक्षा जास्त पुरावे बघावेत असंही नियम सांगतात. म्हणजे कुठल्यातरी विद्यापीठात पडलेल्या ग्रंथातलं एक पान आपल्या पाड्यावरच्या माणसाच्या जमिनीचा पुरावा ठरू शकतं. पण ते पान आहे हेच त्याला माहीत नसेल, तर तो फाईलला काय जोडणार?

अभ्यासक आपल्याकडे येतात. आपण त्यांना भाकरी देतो, गाऱ्हाणी सांगतो, रोडाली गातो, वंशावळ सांगतो. ते सगळं लिहून नेतात आणि पदवी मिळवतात. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे, नाहीतर ते सगळं म्हाताऱ्यांबरोबरच गेलं असतं. पण ज्याच्या तोंडून घेतलं, त्याच्या दारात परत काय आलं?

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. एक, प्रत्येक तालुक्याच्या मोठ्या वाचनालयात नंदुरबार जिल्ह्याचं वेगळं कपाट हवं. वाहरू सोनवणेंच्या 'गोधड'पासून उत्खननाच्या अहवालापर्यंत सगळं त्यात असावं. दोन, इथे येऊन संशोधन करणाऱ्याने ग्रामसभेला एक प्रत आणि दहा पानांचा मराठी सारांश द्यावा. ग्रामसभेने परवानगी देतानाच ही अट घालावी, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. तीन, आपल्या कॉलेजांतल्या एम.ए. च्या पोरांनी यातली प्रकरणं मराठीत, जमलं तर भिलोरी-पावरीत उतरवावीत.

जुनं गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. दाव्यांचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागाची पानं छापून ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावीत, सुरुवात तिथूनच होऊ शकते.

तुमच्या घरी जिल्ह्यावरचं एखादं जुनं पुस्तक, अहवाल, प्रबंध असेल तर खाली नाव लिहा. यादी तरी आपली आपण करूया.