कांट्याची साक्ष

न्यायशास्त्राच्या आरंभीं विद्यार्थ्यास डोंगरावरील धुराचें उदाहरण शिकवितात. धूर दिसला म्हणजे अग्नीचें अनुमान करावें. परंतु धूर समजून जें पाहिलें तें धुकें किंवा धुरळा निघाल्यास सारें अनुमान फसतें, हेंही त्याच पाठांत सांगितलेलें असतें. जुनी मोटार पदरीं बाळगणाऱ्यानें हा पाठ नित्य स्मरणांत ठेवावा, असें आमचें मत झालें आहे. येथें इंजिन हा डोंगर, त्यांतील उष्णता हा अग्नि, आणि चालकाच्या डोळ्यांपुढील तापमापकाचा कांटा हा धूर होय.

आमच्या घरीं चारही चाकांस गति देणारी एक जुनी डिझेल जीप आहे. कोंकणांतील घराकडे जाणारी कच्ची वाट पावसाळ्यांत तिच्यावांचून सरत नाहीं, म्हणून आम्हीं ती अद्याप मोडींत घातलेली नाहीं. एका पावसाळ्याच्या अखेरीस तिचा कांटा, गाडी सुरू करून दहा मिनिटें होतात न होतात तोंच, तांबड्या रेघेकडे धांवूं लागला. एका मिस्त्रींनीं सिलिंडर हेड उतरवून गॅस्केट बदलावें लागेल, असें निदान केलें. खर्चाचा अंदाज ऐकतांच घरांत गाडी विकण्याची भाषा सुरू झाली.

परंतु त्या तांबड्या रेघेखेरीज तापाचें दुसरें एकही लक्षण आम्हांस दिसेना. रेडिएटरमधील पाणी जेथल्या तेथें. वाफ नाहीं, वास नाहीं, चढावर शक्तीची उणीव नाहीं. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या झांकणावर रोखून पाहिला, तों तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास. थर्मोस्टॅट साधारणतः ८२ अंशांस उघडतो. तेव्हां हें तापमान निरोगी इंजिनाचेंच म्हणावयाचें. शिवाय आणखी एक चमत्कार होता. टांकींत अर्ध्याहून कमी डिझेल आहे हें हिशेबानें ठाऊक असतां, शेजारचा कांटा ती जवळजवळ भरलेली दाखवीत होता! दोन साक्षीदार एकाच वेळीं एकाच दिशेनें खोटें बोलूं लागले, तर त्या दोघांना पढविणारा तिसरा कोणी तरी असलाच पाहिजे.

हा तिसरा कोण, हें कळण्यास मापकाची रचना समजून घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपमध्यें हें मापक यांत्रिक असे. इंजिनांतील कुपीपासून मापकापर्यंत एक बारीक नळी जाई. कुपींतील द्रव तापला कीं दाब वाढे, आणि युजेन बूर्दों ह्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८४९ सालीं ज्या प्रकारच्या वांकड्या नळीचें पेटंट घेतलें, तशी नळी त्या दाबानें किंचित् उलगडून कांटा फिरवी. पुढें पुष्कळ गाड्यांत हें काम विजेकडे आलें. पाण्यांत बुडालेला सेन्सर जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युत्-विरोध घटतो. मापकांतून अधिक प्रवाह वाहतो. त्या प्रवाहानें दोन धातूंची एक पट्टी तापून वांकते आणि कांटा वर चढतो. म्हणजे हा कांटा पाण्याची उष्णता पाहतच नाहीं, तो केवळ प्रवाह पाहतो. प्रवाह वाढण्याचें पाणी तापणें हें एक कारण खरें. पण तें एकमेव कारण नव्हे.

इंजिन चालू असतां बॅटरीचा विद्युद्दाब सुमारें १४ व्होल्टपर्यंत चढतो. त्याचा चढउतार कांट्यांस बाधूं नये म्हणून आमच्या गाडींत व्होल्टेज स्टॅबिलायझर नांवाची एक लहानशी डबी आहे. ती दोन्ही मापकांस सरासरीनें १० व्होल्टच पोहोंचविते. मात्र ह्या कामासाठीं डबीचा गाडीच्या पत्र्याशीं स्वच्छ संबंध, म्हणजे चांगलें अर्थिंग, लागतें. तें तुटलें कीं डबी आपला आवर सोडते आणि सारे १४ व्होल्ट मापकांवर येऊन पडतात. प्रवाह १.४ पट होतो. आणि तापणें प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें पट्टी जवळजवळ दुप्पट तापते. डॅशबोर्ड उघडून पाहिला, तों डबीच्या स्क्रूखालीं गंजाचा थर! पॉलिश पेपरनें तो घांसून काढला, एक नवी वायर पत्र्यास जोडली, आणि दोन्ही कांटे शहाण्यासारखे आपापल्या जागीं आले.

ज्यांच्या गाडींत एकटा तापमापकच बहकला असेल, त्यांनीं बॅटरीची किल्ली फिरवून सेन्सरवरील वायर काढावी. कांटा थंड टोकास पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनास टेकवावी. तो तापाच्या टोकाकडे निघाला पाहिजे. दोन्ही घडल्यास मापक व वायर बहुधा निर्दोष असून संशय सेन्सरकडे वळतो. थंड इंजिनांतून तो काढून पातेल्यांतील पाण्यांत थर्मामीटरशेजारीं टांगावा, पाणी तापवीत मल्टिमीटरनें विरोध मोजावा, आणि आंकडे गाडीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावे. थर्मोस्टॅट केव्हां उघडतो हेंही त्याच पातेल्यांत दिसतें. पुण्यासारख्या उंचीवर पाणी १०० नव्हे तर सुमारें ९८ अंशांस उकळतें, एवढें ध्यानांत असावें. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असल्यास त्याचा इंजिनाशीं संबंध तुटून कांटा कमी तापमान दाखवूं शकतो.

ह्या प्रकरणानंतर घरांत "हा कांटा मुळांतच लबाड" असा समज दृढ झाला. आणि खरा धोका येथेंच होता. पुढें एकदां कुंभार्ली घाट चढतांना मध्याच्या किंचित् वर असलेला कांटा भराभर खालीं घसरला. "घाटाचा गार वारा लागला हो त्याला!" असें शेजारीं बसलेले आमचे मामा संतोषानें म्हणाले. परंतु भर चढावर इंजिन थंड व्हावें कसें? सेन्सर पाण्यांत बुडालेला असेल तरच पाण्याची वार्ता सांगतो. पाणीच निघून गेलें तर तो कोरडा लोंबतो, आणि इंजिन जळत असतांही कांटा उतरूं शकतो. आम्हीं तत्काळ गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें. खालचा होज पाईप फाटून सारें पाणी रस्त्यावर गेलें होतें. पुरा तासभर आम्हीं रेडिएटरच्या टोपणास हात लावला नाहीं. तप्त टोपण उघडल्यास उकळती वाफ तोंडावर येते. चिपळुणाहून नवा पाईप मागवून पाणी भरलें, आणि इंजिन वांचलें. आणखी दोन मैल तसेच गेलों असतों, तर त्या मिस्त्रींचें निदान खरें ठरण्यास वेळ लागला नसता.

एकदां भलत्या वेळीं ओरडला म्हणून साक्षीदारास कायमचा खोटा ठरवूं नये, आणि गोड बोलला म्हणून खराही मानूं नये. तो कोणत्या वाटेनें काय पाहतो हें जाणून, दुसऱ्या साक्षीशीं पडताळून मगच निवाडा करावा. कांटा चढला तर चौकशी करावीच. परंतु कारणावांचून उतरला, तर आधीं थांबावें.