परत आल्यानंतरचं काम

आमच्या अंदाजपत्रकात सर्वांत मोठा आकडा विमानाच्या तिकिटांचा असे. त्याखालोखाल हॉटेल, मग परदेशातल्या यजमान संस्थेचं शुल्क, व्हिसा, विमा, रोजचा भत्ता. शेवटी 'अहवाल व प्रसार' म्हणून थोडी रक्कम. गेलेली बाई परत आल्यावर काय करणार, कुणाच्या पगारावर करणार, ती नसताना तिचं काम कोण बघणार, हे कुठेच लिहिलेलं नसे. ही अंदाजपत्रकं मी करत होते. बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्यांना बाहेरच्या देशांत पाठवायचं, तिथल्यांना इथे आणायचं आणि त्यासाठी निधी मिळवायचा, हे दादरच्या एका लहानशा कार्यालयात बसून मी कित्येक वर्षं केलं. त्यात माझ्या हातून जे चुकलं ते लिहिते आहे, कारण माझाच तो जुना नमुना अजून फिरतो आणि नव्याने या कामात आलेल्या मुली तो तसाच भरतात.

पहिली चूक निवडीची. मुलाखती आम्ही इंग्रजीत घ्यायचो. यजमान संस्थेशी बोलता आलं पाहिजे, ही त्यामागची सबब. एका पालिका रुग्णालयातल्या अपघात विभागाच्या सिस्टरने अर्ज केला होता. 'बाथरूममध्ये पाय घसरला' असं सांगणारी बाई आली की ती सोबतच्या नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवायची आणि तेवढ्या वेळात बाईशी एकटीने बोलून घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मुलाखतीत हेच ती अडखळत, अर्धं मराठीत सांगत होती आणि मी समोर बसून 'संवादकौशल्य' या मुद्द्याला कमी गुण देत होते. तिच्याऐवजी सफाईदार बोलणारी एक समन्वयक गेली. तिने उत्तम सादरीकरण केलं आणि काही काळाने दुसऱ्या क्षेत्रात चांगली नोकरी मिळाली म्हणून हे काम सोडलं. तिचा दोष नाही. निवड माझी होती. परळच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला, आणि २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चार दशकं तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्याच परळपासून हाकेच्या अंतरावर बसून मी त्या सगळ्या वर्षांत एकाही परिचारिकेला पाठवलं नाही.

बाहेरून शिकून येण्यात अर्थ नाही, असं मला म्हणायचं नाही. उलट अर्थ किती आहे, हे याच शहरात दिसतं. क्वालालंपूरच्या सरकारी रुग्णालयात १९९०च्या दशकात मारहाण किंवा बलात्कार झालेल्या बाईला उपचार, पोलीस आणि समुपदेशन एकाच जागी मिळावं अशी सोय उभी राहिली. तो अनुभव जगभर अभ्यासला गेला. अशाच विचाराने इथे 'सेहत' या संस्थेने मुंबई महानगरपालिकेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. पण ते रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालावं यासाठी या लोकांनी खपून काम केलं. तिथलेच डॉक्टर, तिथल्याच परिचारिका प्रशिक्षित केल्या. सुरुवातीला बाहेरचा निधी होता, पुढे पालिकेने जबाबदारी घेतली, आणि नंतर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून शहरातल्या इतरही पालिका रुग्णालयांत अशी केंद्रं निघाली. पोलिसांच्या बाबतीतही हेच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती, ही त्यातली कल्पना. दादर पोलीस ठाण्यातही असा कक्ष आला. २००५च्या सुमाराला राज्य सरकारने हे काम आपलं म्हणून स्वीकारलं. या दोन्ही ठिकाणी कामाला कायमची जागा आणि पगार मिळाला. माझ्या प्रकल्पांतून आलेल्या कल्पनांना दोन्हींतलं काही नव्हतं, कारण मी ते कधी मागितलंच नाही. दात्याला दोन वर्षांत निकाल हवा होता आणि मी दोन वर्षांचंच स्वप्न लिहून देत होते.

गिरगावात वाढलेल्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे गावोगाव बोलत फिरल्या. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळाने दहा वर्षं खर्च चालवण्याचं वचन दिलं. ११ मार्च १८८९ला गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत विधवा गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या आनंदीबाई त्याच. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला हललं, धर्मांतरावरून मोठा वादही झाला. परक्या पैशाबरोबर काय काय येतं हे रमाबाईंनी पुरेपूर भोगलं. तरी त्या वचनातला काळ बघा. दहा वर्षं, आणि तीही घर चालवण्यासाठी. सव्वाशे वर्षांनंतर मी मागत होते ते तिकिटाचे पैसे.

त्याहून जास्त सलते ती पत्रकाची गोष्ट. एका देशातल्या आश्रयगृहांत राहून आलेल्या गटाने तिथलं मार्गदर्शक पत्रक आणलं. घर सोडायची तयारी ठेवा, एका बॅगेत कागदपत्रं, किल्ल्या, थोडी रोकड, मुलांचे कपडे भरून ठेवा, असं त्यात होतं. आम्ही ते मराठीत केलं, छापलं, लालबाग-नायगावात वाटलं. मला त्याचा अभिमान होता. काही आठवड्यांनी एका समुपदेशिकेने उरलेला गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. ती म्हणाली, "ताई, बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. सासू, दीर, पोरं सगळी त्यातच. ही बॅग ठेवायची कुठे? आणि बाई एकदा बाहेर पडली की खोली गेली."

तिचं दुसरं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही, आणि ज्या माणसाने गिरणगावात काम करायचं म्हणून पैसे आणले त्याला ते न कळणं गंभीर आहे. इथे भाडेपावती सासऱ्याच्या नावावर असते. गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग जमिनींना भाव आले, चाळींच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बीडीडीच्या त्या खोलीच्या जागी पाचशे चौरस फुटांचं घर मिळायचं ठरलं. अशा वेळी मार खाणारी बाई उंबऱ्याच्या आत का टिकून राहते, हे भीती किंवा मानसिक अवलंबित्व एवढ्यावर समजत नाही. तिला माहीत असतं की आयुष्यात हाताला लागेल अशी हीच एक जागा आहे. २००६च्या ऑक्टोबरात अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या घराची व्याख्या अशी आवळली की सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगणं अवघड झालं. तो निकाल २०२०च्या ऑक्टोबरात सतीश चंदर आहुजा खटल्यात बदलला. मधली चौदा वर्षं घराबाहेर पडलेल्या सुनेला परत आत शिरणं फार कठीण होतं, आणि नेमक्या त्याच वर्षांत आम्ही तिला बॅग भरून ठेवायला सांगत होतो. बायकांना हवा होता तो राहण्याच्या आदेशाचा अर्ज लिहून देणारा वकील आणि रात्री दार वाजवायला तयार असलेल्या गॅलरीतल्या चार शेजारणी. यातल्या कशासाठीही आमच्याकडे निधी नव्हता.

आता सगळ्यांत कठीण प्रसंग. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना 'प्रत्यक्ष काम' दाखवायचं, हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग. एका गटासाठी आम्ही एका बाईला आपली हकीकत सांगायची विनंती केली. तिने संमतिपत्रावर सही केली. पण ते पत्र तिच्यापुढे ठेवणारी तिची समुपदेशिका होती. तिच्या पोटगीचा अर्ज, मुलाच्या शाळेची फी, सगळं जिच्या हातात होतं, तिला ती बाई नाही कसं म्हणणार? याचा विचार माझ्या मनात आला नाही. ती बोलली, दुभाषी बोलली, पाहुण्यांचे डोळे भरून आले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मग तिच्या चाळीत जाऊन एक छायाचित्र घेतलं गेलं. पाठमोरं. चेहरा दिसत नाही म्हणून आम्ही निश्चिंत. अहवालात ते आलं. पण चाळीतल्या माणसाला ओळखायला चेहरा लागत नाही. कठड्याचा रंग, दारावरचं तोरण, कोपऱ्यातलं पिंप बघून खोली ओळखता येते. कुणाच्या तरी फोनवर तो अहवाल पोहोचला आणि तिथून सासरी.

पुढे तिच्या घरी काय झालं त्याचा तपशील मी लिहिणार नाही. तो लिहिण्याचा हक्क मला नाही. ती केंद्रात यायची थांबली. बऱ्याच दिवसांनी मी तिची माफी मागायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यांना नव्हतं सांगितलं." आम्ही चित्र काढून टाकलं, छापील प्रती परत मागवल्या, पण गेलेल्या प्रती पूर्ण परत येत नाहीत. त्यानंतर मी एकाही पीडित बाईला पाहुण्यांपुढे बसवलं नाही. पाहुण्यांनी कार्यकर्त्यांशी बोलावं, नोंदवह्यांचे कोरे नमुने बघावेत, न्यायालयात बसून सुनावणी ऐकावी. काही दात्यांना हे कोरडं वाटलं आणि एकाने पुढचा निधी दिला नाही. ते पैसे गेल्याचं मला दुःख नाही.

पैशाची आणखी एक चूक आहे, ती थोडक्यात सांगते. परदेशी निधीतला थोडा भाग आम्ही वस्त्यांतल्या लहान महिला मंडळांना देत असू. त्यांनी स्वतःची नोंदणी करावी, हिशेब शिकावे, इथले दाते जोडावेत, यात मी लक्ष घातलं नाही. आमच्यामार्फत मिळतंय ना, मग घाई काय, असं वाटायचं. सप्टेंबर २०२०मध्ये परदेशी देणगी कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा पैसा देण्यावर बंदी आली. त्या मंडळांत रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या बायकांचं मोबाईल बिल भरायलाही मी काही देऊ शकले नाही. कायद्याशी माझं भांडण आहेच, पण ही मंडळं माझ्यावर विसंबून राहिली ती माझ्यामुळे.

मग जानेवारी २०२५ आला. अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत थांबवली, पाठोपाठ देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचे पैसेही अडले. आमच्या क्षेत्रात अनेकांच्या निवडी झालेल्या, तारखा ठरलेल्या, सगळं जागच्या जागी राहिलं. त्याच आठवड्यात दादरच्या कक्षात आणि भाभा रुग्णालयात बायका येतच होत्या आणि त्यांना बघणारी माणसं खुर्चीवर होती.

जागेवर राहणाऱ्या माणसांवरून आणखी एक काम आठवतं. सान फ्रान्सिस्कोच्या एका संस्थेने शालेय खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठी तयार केलेला कार्यक्रम मुंबईत 'परिवर्तन' नावाने क्रिकेटच्या प्रशिक्षकांपर्यंत आणला गेला, तेव्हा मी तो बाहेरून पाहिला होता. नेट्स संपले की सर मुलांना गोल बसवून थोडा वेळ बोलायचे: बहिणीवर हात उगारणं, मुलींवरच्या शेरेबाजीला हसणं, मित्राला अडवणं. शिवाजी पार्कात हे जमतं, कारण सर उद्याही तिथेच असतात आणि मुलंही. तेव्हा मला तो फार साधा वाटला होता. आमच्या परिषदांपुढे फिका. आज मी माझा सगळा निधी तसल्या कामाला दिला असता.

एक गोष्ट राहिली. परदेशी जाऊन आलेल्या एका समुपदेशिकेने आपल्या अहवालात लिहिलं होतं की तिथे तिला पहिल्यांदा सलग झोप लागली, आठवडाभर तिचा फोन वाजला नाही, आणि दुसऱ्या देशातल्या बायकाही हे काम करता करता अशाच थकतात हे ऐकून ती पुष्कळ रडली. बाकी अहवालात शिकलेल्या पद्धतींची माहिती होती. दात्याला पाठवताना मी झोपेची आणि रडण्याची ती ओळ काढून टाकली. सहलीला पैसे दिले असं त्यांना वाटेल, या भीतीने. तिच्याशी त्यावर बोललेही नाही. पुढे तिने काम सोडलं, आणि जाताना सांगितलं की आता दुसऱ्याची मारहाण ऐकवत नाही. समुपदेशिकांच्या स्वतःच्या समुपदेशनाचा आणि भरपगारी रजेचा खर्च मी आता प्रत्येक प्रस्तावात घालते, तिकिटांच्या आधी. बहुतेक दाते तो कापायला सांगतात. मी तो तसाच ठेवून प्रस्ताव पुन्हा पाठवते.