बऱ्या होणाऱ्या जखमेचं श्रेय

तोंड आलं की आपण दिवसभरात जीभ किती वेळा हलवतो ते पहिल्यांदा कळतं. खालच्या ओठाच्या आत व्रण असेल तर प, फ, ब, म म्हणताना ओठ मिटतात आणि कळ जाते. जिभेच्या टोकाला असेल तर त, द आणि ल जड होतात. आमटीतली चिंच, पोह्यांवर पिळलेलं लिंबू, भाकरीवरचा ठेचा, साधा गरम चहासुद्धा झोंबतो. आरशासमोर ओठ उलटून पाहावं तर दिसतो मुगाएवढा एक गोल व्रण, मधे पिवळट-करडा खोलगट तळ आणि भोवती लालबुंद कडं. शंभरातल्या वीसेक जणांना हा त्रास अधूनमधून होतो, आणि उपाय मात्र शंभरही जणांकडे असतो. साजूक तूप, मध, ज्येष्ठमधाची काडी, जाईचा पाला, पेरूची कोवळी पानं, कात, तुरटीच्या गुळण्या, ओलं खोबरं, सब्जा, गुलकंद आणि अर्थात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. प्रत्येक उपाय ‘हमखास’ या शब्दासकट हाती दिला जातो. या हमखासपणाची नीट तपासणी व्हायला हवी असं मला फार वाटतं, कारण एका छोट्या, निरुपद्रवी दुखण्यावर बसलेला हा विश्वास पुढे एका मोठ्या दुखण्याच्या वेळी महागात पडतो.

आधी या व्रणाची चाल पाहू. पहिल्या एक-दोन दिवसांत त्या जागी नुसती चुणचुण किंवा जळजळ होते, मग लाल ठिपका दिसतो, मग वरची त्वचा जाऊन जखम उघडी पडते. पुढचे तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. त्यानंतर दुखणं आपोआप ओसरू लागतं आणि सात ते चौदा दिवसांत जखम भरून येते, मागे वणही राहत नाही. नेहमीच्या, एक सेंटिमीटरपेक्षा लहान व्रणाचं हे असंच असतं, आणि बहुतेकांना होतो तो हाच प्रकार. आता माणूस उपाय केव्हा सुरू करतो ते आठवा. चुणचुणीच्या दिवशी नाही. जेवण अशक्य होतं, बोलणं नकोसं होतं तेव्हा, म्हणजे दुखणं शिखरावर असताना. शिखरावरून पुढची वाट उताराचीच असते. तिसऱ्या दिवशी तूप लावलं आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं, तर तुपाचा गुण आला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या दिवशी काहीच लावलं नसतं तरी सहावा दिवस यायचाच होता. जे दुखणं स्वतःहून बरं होतं त्यावर कोणताही उपाय हरत नाही, म्हणूनच अशा दुखण्यावरच्या उपायांची यादी इतकी लांबते.

या तर्काला आकड्यांचाही आधार आहे. इस्रायलमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांचे दोन गट केले. एका गटानं रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ ची गोळी जिभेखाली विरघळवली, दुसऱ्या गटानं तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सहाव्या महिन्यात पहिल्या गटातल्या ७४ टक्के लोकांना एकही व्रण उठला नाही. बी-१२ च्या बाजूनं ही मोलाची नोंद आहे, जरी माणसं थोडी होती. पण माझी नजर दुसऱ्या गटावर अडकते. औषधाचा कणही पोटात न जाता त्यांच्यातले ३२ टक्के लोक त्या महिन्यात व्रणमुक्त होते. म्हणजे जवळजवळ तिघांतला एक. या लोकांनी त्या सहा महिन्यांत एखादा पाला चघळला असता तर त्या पाल्याची कीर्ती गावभर झाली असती. २०१२ साली अमेरिकेत वर्षभर चाललेल्या दुसऱ्या एका प्रयोगात रोजच्या गरजेइतकी सगळी जीवनसत्त्वं असलेली गोळी देऊन पाहिली, तर व्रणांची संख्या कमी झाली नाही की त्यांचे दिवस घटले नाहीत. आपल्याकडे ‘तोंड आलंय’ म्हटल्यावर दुकानदार जी पट्टी कात्रीनं कापून देतो, ती साधारण याच जातीची. ती घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, आणि औषध अंगाला लागतंय असं वाटतं. तो पिवळेपणा जास्तीच्या रायबोफ्लेविनचा असतो. शरीराला नको होतं ते बाहेर टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

मग आजीनं दिलेलं सगळं खोटं का? अजिबात नाही. दुखणं लवकर जाणं आणि दुखणं सुसह्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीत घरगुती उपायांची बाजू भक्कम आहे. उघड्या जखमेवर तुपाचा किंवा मधाचा थर बसला की अन्नाचा आणि आंबटाचा थेट स्पर्श काही वेळ टळतो. कात, त्रिफळा, पेरूचा पाला यांत टॅनिन असतं. ते जखमेवरच्या प्रथिनांना आवळतं आणि वर एक पातळ पापुद्रा तयार होतो. आयुर्वेदानं मुखपाकावर जाईची पानं चघळायला आणि काढ्यांचे कवल धरायला सांगितले, त्यामागे शेकडो वर्षांचं निरीक्षण आहे. ज्येष्ठमधाचा तर आधुनिक पद्धतीनंही अभ्यास झाला आहे आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं आहे. दहीभात, ताक, कोमट पाण्यात मीठ घालून केलेल्या गुळण्या यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती घातक उपायांबद्दल. टाकणखार मधात खलून तान्ह्या बाळाच्या तोंडात लावण्याची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. टाकणखार पोटात गेला तर बाळाला विषबाधा होऊ शकते, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मधही द्यायचा नसतो. ॲस्पिरिनची गोळी व्रणावर दाबून धरणारे लोक आहेत. ती आम्लधर्मी गोळी आजूबाजूची चांगली त्वचा भाजते आणि मुगाएवढ्या जखमेची मोठी जखम होते.

डॉक्टरकडे तरी कुठे रामबाण आहे, असं यावर कुणी म्हणेल. खरंच नाही. व्रण पुन्हा कधीच येणार नाही अशी हमी देणारं औषध आजवर निघालेलं नाही. पण काही औषधं काय करतात आणि काय करत नाहीत हे मोजून पाहिलेलं असतं, हा फरक छोटा नाही. ट्रायमसिनोलोनचा ०.१ टक्के मलम दाह कमी करतो, आणि चुणचुण सुरू होताच लावला तर जास्त उपयोगी पडतो. तो लावण्याचीही पद्धत आहे. जेवण झाल्यावर किंवा झोपताना, जागा कापसानं हलकेच टिपून कोरडी करायची, बोटाच्या टोकावर जरासा मलम घ्यायचा आणि नुसता टेकवायचा. चोळला की त्याचे कण होतात आणि तो लाळेबरोबर वाहून जातो. बहुतेक लोक चोळतात, आणि मग गुण नाही म्हणतात. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्यांनी त्रास कमी होतो, पण फार दिवस केल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात. बधिर करणारं जेल जेवणापुरता दिलासा देतं. कोल्चिसिनसारख्या पोटातून घ्यायच्या औषधांची वेळ फार थोड्यांवर येते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

वारंवार तोंड येणाऱ्यानं उपायांपेक्षा कारणाच्या मागे लागावं. ‘अंगात उष्णता झालीय’ असं म्हटलं की चौकशी तिथेच थांबते. जागरण, ताण, पाळीच्या आधीचे दिवस, चुकून चावला गेलेला गाल, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असलेली टूथपेस्ट, यांतलं एखादं कारण सापडतं, कधी काहीच सापडत नाही. पण लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची कमतरता रक्त तपासून कळते, आणि ती आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी कुणी चुकून रोज घेत असेल, तर तोंडातले व्रण हा धोक्याचा इशारा असतो. तिथे गुलकंद देत बसणं जिवावर बेतू शकतं. आणखी एक गोष्ट आपल्या गावांसाठी विशेष महत्त्वाची. तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना तोंड येतं. मिश्री सोडलेल्या बाईला वाटतं, सोडली म्हणून त्रास झाला, आणि ती पुन्हा डबी उघडते. हे व्रण थोड्या दिवसांचे असतात, एवढं कुणीतरी तिला आधीच सांगायला हवं.

तंबाखूचं नाव निघालं, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा आणि मिश्री चालूच आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. त्याची सुरुवात पुष्कळदा एका साध्या दिसणाऱ्या व्रणानं होते, आणि तो व्रण सुरुवातीला दुखतही नाही. साधा व्रण जागा बदलत राहतो, ठणकतो, दोन आठवड्यांत जातो. हा एकाच जागी बसून राहतो, कडा हाताला कडक लागते, कधी शेजारी पांढरा किंवा लाल चट्टा असतो. सुपारीनं होणाऱ्या दुसऱ्या एका आजारात तिखट लागताच तोंड पेटतं आणि गालाची त्वचा हळूहळू ताठ होत जाते. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, तिथे दोन मावेनाशी होतात. अशा माणसालाही ‘तोंड आलंय’ असंच वाटतं. आणि ज्यानं आयुष्यभर प्रत्येक व्रणावर तूप, पाला किंवा पट्टी जिंकताना पाहिलेली असते, तो आधी एक उपाय करतो, मग दुसरा, मग शेजाऱ्यानं सांगितलेला तिसरा. महिने जातात. उपाय हरतोय असं त्याला वाटतच नाही, फक्त या वेळी गुण यायला उशीर होतोय असं वाटतं.

साध्या व्रणाच्या निमित्तानं लोकांना कर्करोगाची भीती घालू नये, असं यावर म्हटलं जाईल. मला भीती घालायची नाही. बहुतेक व्रण निरुपद्रवी असतात हे मी वर सांगितलं आहेच, आणि ते ओळखण्यासाठी ना यंत्र लागतं ना पैसा, कॅलेंडर पुरतं. तिरुवनंतपुरममधल्या एका मोठ्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारूचं सेवन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेव्हा व्रण उठला त्या दिवशी तारखेवर एक खूण करा, मग हवं तर तूप लावा, जाईचा पाला चघळा, मलम टेकवा. तीन आठवड्यांनी तो तिथेच असेल, तर दुखत असो वा नसो, नवा उपाय विचारू नका. जवळच्या दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात जा आणि तोंड उघडून दाखवा. घरात कुणी तंबाखू खाणारं असेल तर त्यांनाही बरोबर न्या.